खत म्हणून विकलेलं घर

भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विनच्या काचेसमोर थोडा वेळ उभं राहिलं, की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "यांचा बर्फ कुठंय?" विचारणारं पोर आईचा हात ओढत असतं आणि आईच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न असतो. पेंग्विन म्हटला की बर्फ, हे समीकरण आपल्या मनात चित्रांच्या पुस्तकांनी इतकं पक्कं केलं आहे, की समोरचा पक्षी बर्फाविना उभा दिसला की आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. 2016 च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या सोलच्या मत्स्यालयातून आठ पेंग्विन मुंबईत आले, तेव्हा वर्तमानपत्रांतून महिनोन् महिने चर्चा झाली. ती खर्चावर झाली, निविदांवर झाली, मुंबईच्या उकाड्यावर झाली. या पक्ष्याचं मूळ गाव कोणतं आणि तिथं त्याचं काय झालं, याकडे फारसं कोणी वळलं नाही.

त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर साधं आहे. या पेंग्विनच्या मुलखात बर्फ नाहीच. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेरू आणि चिलीत, जगातल्या सर्वांत कोरड्या वाळवंटाच्या काठाला हा पक्षी राहतो. तिथं निवडुंग उगवतात आणि वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही. तिथल्या बेटांवर त्यानं शतकानुशतकं जे घर केलं, ते बर्फाचं नव्हतं, मातीचंही नव्हतं. ते विष्ठेचं होतं. इतर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर साचून झालेल्या टेकड्यांत बीळ कोरून तो अंडी घालायचा. एकोणिसाव्या शतकात त्या टेकड्या फावड्यानं उकरल्या गेल्या, जहाजांत भरल्या गेल्या आणि इंग्लंडातल्या सलगमाच्या शेतांत पसरल्या गेल्या.

मी या विषयाकडे आलो तो पक्ष्यांकडून नव्हे, खताकडून. रासायनिक खतं येण्याआधी जगाचा शेतकरी जमिनीला काय घालत होता, हे वाचत असताना 'ग्वानो' हा शब्द पुन्हा पुन्हा आडवा आला. आपल्याला खताचं महत्त्व कोणी शिकवायला नको. देशावरचा शेतकरी आजही धनगराची मेंढरं रात्रभर रानात बसवतो आणि त्याचं मोल देतो. लेंडीखत, शेणखत हे शब्द आपल्या भाषेत आहेतच. आणि ज्या खताचं नाव घ्यायला संकोच वाटावा, त्याला तर आपण 'सोनखत' म्हणून मोकळे झालो. पेरूच्या बाबतीत हे सोनं अक्षरशः सरकारी तिजोरीत जमा झालं. ते वाचता वाचता एका तळटीपेत पेंग्विन भेटला आणि मग मी त्याच्याच मागे लागलो.

आधी पक्षी पाहून घेऊ. शास्त्रीय नाव स्फेनिस्कस हम्बोल्टी. उंची दोन ते सव्वादोन फूट, वजन साधारण चार-पाच किलो. म्हणजे आपल्या बदकापेक्षा बराच मोठा, पण अंटार्क्टिकातल्या सम्राट पेंग्विनपुढे अगदीच किरकोळ. पाठ काळसर करडी, पोट पांढरं. छातीवर घोड्याच्या नालासारखा एक काळा पट्टा, जो दोन्ही बाजूंनी खाली पायापर्यंत उतरतो. डोळ्याच्या वरून एक पांढरी रेघ निघते आणि कानामागून वळून हनुवटीखाली येते. पोटावर काळे ठिपके असतात आणि प्रत्येक पक्ष्याचे वेगळे. याचा दक्षिणेकडचा भाऊबंद मॅगेलन पेंग्विन. त्याच्या छातीवर दोन पट्टे असतात. चिलीच्या दक्षिणेला चिलोए बेटाजवळ हे दोघं एकाच ठिकाणी अंडी घालतात, तिथं पट्टे मोजूनच ओळखावं लागतं.

सगळ्यांत लक्षात राहते ती चोचीच्या बुडाशी असलेली गुलाबी, पिसं नसलेली कातडी. ही शोभा नव्हे. अंगावर दाट पिसं, त्याखाली चरबी, असा पाण्यातल्या थंडीसाठी शिवलेला डगला घालून हा पक्षी वाळवंटाच्या उन्हात उभा असतो. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे चेहऱ्यावरची ही एवढीच खिडकी, शिवाय पाय आणि पंखांची आतली बाजू. ऊन चढलं की ती कातडी लालबुंद होते. दुसरी सोय मिठाची. खारं पाणी पोटात जाणारच. डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ गाळतात आणि ते द्रव चोचीवरून ओघळतं. पेंग्विन मधूनच डोकं झटकताना दिसतो तो त्यासाठी. राणीच्या बागेतले प्रेक्षक त्याला "नाही म्हणतोय" असं समजून हसतात.

ओरडणं मात्र त्याच्या रूपाला मुळीच शोभत नाही. गाढवानं गळा काढावा तसा आवाज. जोडी बहुधा टिकते. एका वेळी दोन अंडी, साधारण चाळीस दिवस उबवणं, आणि ते काम नर-मादी पाळीनं करतात. पिल्लू करड्या-तपकिरी लवेचं. वर्षातून एकदा अंगावरची सगळी पिसं एकदमच झडतात आणि नवी येतात. त्या दोन-तीन आठवड्यांत अंग पाण्याला धरत नाही, म्हणून समुद्रात जाता येत नाही, म्हणजे उपासच. आधी खाऊन साठवलेल्या चरबीवर दिवस काढायचे. खाणं म्हणजे मुख्यतः अँचोवेटा, आपल्या मांदेलीच्या कुळातली, थव्यानं फिरणारी लहान मासळी. ती किनाऱ्यापासून फार लांब नसते, म्हणून हा पक्षीही किनारा सोडून फार लांब जात नाही. सकाळी उतरायचं, संध्याकाळी परतायचं. परतायला घर लागतं, आणि ते बंदिस्त लागतं. उघड्यावरचं अंडं भाजून तरी निघतं किंवा समुद्रपाखरं तरी पळवतात. बीळ हे या पक्ष्याचं छप्पर आहे, तसंच थंड खोलीही आहे.

पेरूतले कोळी याला 'पाहारो निन्यो' म्हणतात. पाहारो म्हणजे पक्षी, निन्यो म्हणजे लहान मूल. मुलासारखा दुडूदुडू चालणारा पक्षी. हे नाव किती नेमकं आहे! युरोपीय विज्ञानानं दिलेलं नाव एका माणसाचं आहे, आणि ती गोष्ट जरा सांगण्यासारखी आहे.

अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट 1802 साली अँडीज उतरून पेरूच्या किनाऱ्यावर आला. सवयीप्रमाणे त्यानं समुद्रात तापमापी बुडवली आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ पाणी इतकं थंड कसं, याचं त्याला आश्चर्य वाटलं. पुढे युरोपातल्या नकाशांवर त्या शीत प्रवाहाला 'हम्बोल्ट प्रवाह' म्हणू लागले, तेव्हा त्यानं स्वतःच हरकत घेतली. हा प्रवाह चिलीपासून पायतापर्यंतच्या कोळ्यांच्या पोरांना तीनशे वर्षं ठाऊक आहे, आपण फक्त त्याचं तापमान आधी मोजलं, असं त्याचं म्हणणं होतं. नाव तरी चिकटलंच. नंतर 1830 ते 1832 या काळात 'प्रिन्सेस लुइझे' या प्रशियन जहाजावरून फ्रान्त्स मायेन नावाचा तरुण डॉक्टर-वनस्पतिशास्त्रज्ञ जगप्रदक्षिणेला निघाला. त्याची शिफारस हम्बोल्टनंच केलेली. मायेननं 1834 साली या पेंग्विनचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला आपल्या उपकारकर्त्याचं नाव दिलं. मायेन 1840 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वारला. पेंग्विनच्या घराचा सौदा सुरू झाला तो नेमका त्याच वर्षी.

त्या सौद्यातही हम्बोल्टचा हात आहे, अर्थात नकळत. लिमाच्या काय्याओ बंदरात त्याला पिवळसर तपकिरी, नाक झोंबणाऱ्या वासाची भुकटी भरलेल्या होड्या दिसल्या. स्थानिक लोक तिला केचुआ भाषेत 'वानु' म्हणत. स्पॅनिश जिभेवर त्याचा ग्वानो झाला. हम्बोल्ट नमुना घेऊन युरोपात गेला आणि पॅरिसमध्ये फूर्क्रुआ आणि व्होकलँ या रसायनशास्त्रज्ञांनी तो तपासला. त्यात नत्र आणि स्फुरद भरपूर निघालं. पण युरोपच्या शेतकऱ्याला त्याची गरज वाटायला आणखी तीसेक वर्षं जावी लागली.

हा ग्वानो झाला कसा? थंड प्रवाहाबरोबर समुद्राच्या तळाकडचं पोषक पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यावर अँचोवेटा, आणि अँचोवेटावर लाखो पक्षी. गनाय नावाचा पाणकावळा, पिकेरो नावाचा बूबी आणि पेलिकन हे त्यातले मुख्य. हे दाटीवाटीनं बेटांवर घरटी करतात. तोच थंड प्रवाह हवेतली वाफ वर चढू देत नाही, म्हणून पाऊस नाही; पाऊस नाही म्हणून विष्ठा धुऊन जात नाही, तिच्यातलं नत्र तसंच राहतं. एका थरावर दुसरा. लिमाच्या दक्षिणेला पिस्कोसमोर चिंचा नावाची तीन लहान बेटं आहेत (आपल्या चिंचेशी संबंध नाही, तिथल्या एका जुन्या राज्याचं ते नाव). त्यांच्यावर हा थर काही ठिकाणी दीडशे फुटांच्या आसपास होता. पेंग्विनचा या उत्पादनात वाटा अगदी थोडा. तो भाडेकरू. दुसऱ्यांनी घातलेल्या जोत्यात पायांच्या नखांनी हातभर भुयार कोरायचं, एवढंच.

ग्वानोची महती गोऱ्यांनी शोधली असं मात्र नाही. इन्का गार्सिलासो दे ला व्हेगा यानं 1609 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात इन्का राजांची व्यवस्था वर्णिली आहे. कोणतं बेट कोणत्या प्रांताचं हे ठरलेलं. मोठ्या बेटांचे वाटे पाडून खुणेचे दगड लावलेले. विणीच्या काळात बेटावर पाऊल ठेवणाऱ्याला देहान्त शिक्षा, आणि पक्षी मारणाऱ्याला तर कोणत्याही काळात. हा उतारा आज पर्यावरणावरच्या प्रत्येक पुस्तकात असतो, आणि तो वाचून इन्का लोकांना आद्य निसर्गरक्षक ठरवण्याचा मोह होतो. मला तो उतारा थोडा राखूनच वाचावासा वाटतो. गार्सिलासोची आई इन्का राजघराण्यातली, बाप स्पॅनिश सरदार. विशीत त्यानं पेरू सोडलं आणि हा ग्रंथ स्पेनमध्ये बसून म्हातारपणी लिहिला. हरवलेल्या आजोळाबद्दल लिहिणारा माणूस तिथला कायदा प्रत्यक्षापेक्षा जरा नेटका सांगणारच. पण मूळ गोष्ट खोटी नाही. उत्तर चिलीतल्या वाळवंटात सापडलेल्या जुन्या मक्याच्या दाण्यांतल्या नत्राचं अलीकडे पृथक्करण झालं. साधारण हजार वर्षांपूर्वीपासून तिथलं पीक समुद्रपक्ष्यांच्या खतावर पोसलं जात होतं, हे त्यातून दिसतं. आणि तेवढी शतकं खोदूनही चिंचा बेटांवर दीडशे फूट उरले होते. कायदा कसाही असो, खोदण्याचा वेग पक्ष्यांच्या वेगाच्या आत होता.

1840 साली पेरू सरकारनं ग्वानो निर्यातीचा पहिला ठेका दिला. दोन वर्षांत सरकारला कळून चुकलं की हाताशी काय लागलं आहे, आणि सगळा ग्वानो राष्ट्राच्या मालकीचा झाला. लंडनची अँटनी गिब्स ही पेढी मुख्य अडत्या बनली. पुढच्या चाळीस वर्षांत सव्वा कोटी टनांच्या आसपास ग्वानो पेरूच्या बेटांवरून गेला. एक वेळ अशी होती, की सरकारच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग यातून यायचा. प्रजेवरचे कर उठले, रेल्वेचे रूळ अँडीज चढू लागले, कर्जावर कर्ज मिळू लागलं. 1854 मध्ये रामोन कास्तियानं गुलामगिरी रद्द केली तेव्हा गुलामांच्या मालकांना भरपाई दिली गेली, तीही ग्वानोच्या पैशातून.

आणि त्याच बेटांवर खोदत कोण होतं? आधी कैदी, गुलाम आणि पळपुटे शिपाई. मग चिनी. 1849 च्या कायद्यानं मजूर आणणाऱ्यांना दर माणशी बक्षीस मिळू लागलं आणि पुढच्या पंचवीस वर्षांत नव्वद हजार ते एक लाख चिनी मजूर करारपत्रावर अंगठा उठवून पेरूत उतरले. बहुतेक ऊस-कापसाच्या मळ्यांवर गेले. काही शे चिंचा बेटांवर. त्याच दशकांत आपल्या रत्नागिरीकडची माणसं गिरमिटावर मॉरिशसला चालली होती, हे इथं आठवल्याशिवाय राहत नाही. पण चिंचा बेटांसारखी जागा त्यांच्याही वाट्याला आली नसावी. बेटावर झाड नाही, गोडं पाणी नाही. पाणीसुद्धा जहाजानं येणार. दिवसाला चार-पाच टन खोदून ढकलगाडीनं कड्यापर्यंत न्यायचे. कड्यावरून कापडी नळकांड्यातून ग्वानो थेट खाली जहाजाच्या पोटात सोडायचे. जहाजात तो सारखा करणारी माणसं नाकातोंडाला चिंध्या बांधून उतरत आणि काही मिनिटांत वर येत, कारण अमोनियाच्या धुरळ्यात त्याहून जास्त श्वास चालत नसे. खोदणाऱ्याला असं वर येणं नव्हतं. 1850 च्या दशकात तिथं गेलेल्या खलाशांनी आणि प्रवाशांनी चाबकांबद्दल लिहून ठेवलंय, आणि कड्यावरून उड्या टाकून मरणाऱ्या चिनी मजुरांबद्दलही. हा व्यापार 1874 मध्ये थांबला. तोवर चिंचा बेटं जवळजवळ खरवडून झाली होती.

मधल्या काळात या विष्ठेसाठी युद्धही झालं. 1864 च्या एप्रिलमध्ये स्पेनच्या आरमारानं चिंचा बेटं ताब्यात घेतली, कारण तिजोरी तिथंच होती. पेरू आणि चिली एकत्र येऊन स्पेनशी लढले. पंधरा वर्षांनी तेच दोघं वाळवंटातल्या सोऱ्यासाठी एकमेकांशी लढले, पेरू हरला आणि ग्वानोचं राज्य संपलं. ते सगळं इतिहासाच्या पुस्तकांत आहे, त्यात इथं शिरत नाही.

या काळाबद्दल वाचताना मी पेंग्विन शोधत होतो. ग्वानोचे हिशेब अतिशय तपशीलवार आहेत. कोणत्या जहाजानं किती टन उचलले, लिव्हरपूलला भाव काय फुटला, कोणाला किती दलाली मिळाली, बंदरात एका वेळी किती गलबतं नांगरून होती. पेंग्विन त्या हिशेबाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. गनाय आणि पिकेरो निदान 'माल' तयार करणारे म्हणून उल्लेखले जातात. पेंग्विन माल तयार करत नव्हता. तो मालात राहत होता. खोदणाऱ्याच्या फावड्याला बीळ लागलं तर त्यातलं अंडं कढईत जाणार, पक्षीही जाणार. मजुरांच्या आहाराची जी हालत होती ती पाहता त्यांना दोष कसा द्यावा? थर खडकापर्यंत खरवडला की गनाय खडकावर पुन्हा येऊन बसू शकतो, कारण त्याचं घरटं उघड्यावर असतं. पेंग्विनला खडकात बीळ पाडता येत नाही. तो समुद्राकाठच्या गुहांत, दरडींच्या फटींत, दगडांच्या आडोशाला सरकला. आजही बऱ्याच वसाहतींत तो तसाच राहतो, आणि भरतीच्या लाटा गुहेत शिरल्या की अंडी जातात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेरूला शहाणपण आलं, पण ते कोणत्या वाटेनं आलं हे पाहण्यासारखं आहे. किनाऱ्यावरच्या मळेवाल्यांना स्वतःच्या कापूस-उसासाठी ग्वानो मिळेना. सरकारनं रॉबर्ट कोकर या अमेरिकन मत्स्यतज्ज्ञाला बोलावलं. त्याचं सांगणं थोडक्यात असं की, साचलेलं संपलं, आता पक्षी रोज देतात तेवढंच मिळेल. तेव्हा पक्षी सांभाळा. 1909 साली ग्वानोचं व्यवस्थापन करणारी कंपनी स्थापन झाली. बेटांवर पहारेकरी बसले, विणीच्या काळात बेटं बंद झाली, आळीपाळीनं खोदकाम होऊ लागलं. अमेरिकन पक्षितज्ज्ञ रॉबर्ट कुशमन मर्फी 1919-20 मध्ये ही बेटं फिरला आणि 1925 मध्ये त्यानं त्यांच्यावर एक सुरेख पुस्तक लिहिलं. तोपर्यंत पक्ष्यांचे थवे पुन्हा आभाळ झाकू लागले होते. पुढे, चाळीसच्या दशकात, कंपनीनं एक नवीच युक्ती काढली. मुख्य भूमीवरच्या, समुद्रात घुसलेल्या टोकांना मागून आडव्या भिंती बांधल्या. कोल्हे आणि माणसं अलीकडे, पक्षी पलीकडे. म्हणजे जमिनीवरच कृत्रिम बेट.

हा सगळा खटाटोप खतासाठी होता. मला त्यात काही वावगं वाटत नाही. निसर्गप्रेमापेक्षा फायद्याचा हिशेब अनेकदा जास्त चोख पहारा देतो, आणि गनायच्या बाबतीत त्यानं दिलाही. पण हा पहारा ज्यांच्या नावानं होता त्यांच्यापुरताच होता. दर खेपेला थर खरवडला जाई आणि भुयारापुरती जाडी येण्याआधीच पुढची खेप येई. भिंतींचा फायदा मात्र पेंग्विनलाही झाला, कोणी तसं ठरवलं नसताना. दक्षिण पेरूतलं पुंता सान हुआन हे असंच भिंतीआडचं टोक, जेमतेम 54 हेक्टरचं. पेरूतली या पेंग्विनची सर्वांत मोठी वसाहत आज तिथं आहे.

या किनाऱ्यावर आणखी एक 'निन्यो' आहे. काही वर्षांनी एकदा, नाताळच्या सुमाराला, उत्तरेकडून कोमट पाणी येतं आणि थंड प्रवाह दबतो. कोळ्यांनी त्याला बाळ येशूवरून 'एल निन्यो' म्हटलं. कामिलो कारिय्यो नावाच्या पेरूच्या नौदल अधिकाऱ्यानं 1892 साली लिमाच्या भूगोल संस्थेपुढे ते नाव विद्वानांच्या कानी घातलं. आज आपल्याकडे पावसाळ्याचा अंदाज आला की हा शब्द मराठी पेपरात मथळ्यात असतो. आपल्याकडे त्याचा अर्थ बहुधा कमी पाऊस. तिकडे अर्थ असा की अँचोवेटा खोल आणि दूर जाते, आणि किनारा न सोडणाऱ्या पक्ष्याच्या तोंडचा घास जातो. वाळवंटात त्याच वर्षी मुसळधार पाऊस होतो आणि बिळं कोसळतात. मुलासारख्या पक्ष्याचा वैरी मूल याच नावाचा असावा, हा योगायोग मराठी माणसाला नशिबाचा खेळ वाटेल. 1982-83 च्या एल निन्योत पेरूतले जवळजवळ दोन तृतीयांश पेंग्विन गेले.

एल निन्यो हजारो वर्षं येतो आहे आणि पक्षी त्यातून सावरत आले आहेत. पण सावरायला मासळी लागते. पन्नासच्या दशकानंतर पेरूनं पक्ष्यांना बाजूला सारून थेट त्यांच्या ताटालाच हात घातला. अँचोवेटाची पूड करून ती जगभरच्या कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जाऊ लागली. 1970 साली पकड एक कोटी वीस लाख टनांवर गेली. त्या वर्षी जगात कोणत्याही एका माशाची एवढी पकड नव्हती. 1972 च्या एल निन्योबरोबर मासळी कोसळली आणि पक्षीही. शंभर वर्षांपूर्वी पेंग्विनचं घर युरोपच्या शेतात गेलं होतं, आता जेवण युरोपच्या खुराड्यात गेलं. जे उरले त्यांतले कितीतरी कोळ्यांच्या जाळ्यांत अडकून बुडतात. पाण्यात श्वास घेता येत नाही, हे आपण पेंग्विनबाबत विसरतोच.

आज प्रौढ पक्ष्यांचा अंदाज 24 हजारांच्या आसपास आहे. 1981 पासून त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंद आहे. पेरूनं 2009 च्या शेवटच्या दिवशी 22 बेटं-खडक आणि 11 टोकं मिळून एक राष्ट्रीय राखीव क्षेत्र जाहीर केलं. जुन्या कंपनीचीच जागा, पण आता कागदावर पक्षी पक्षी म्हणून. चिलीत चान्यारल, चोरोस आणि दामास या तीन बेटांचं राखीव क्षेत्र 1990 पासून आहे आणि त्याला नावच या पेंग्विनचं आहे. चान्यारलवर जगातली सर्वांत मोठी वसाहत. तिथला झगडा वेगळा. 2010 मध्ये जवळच होऊ घातलेलं कोळशाचं वीजकेंद्र लोक रस्त्यावर उतरल्यावर राष्ट्राध्यक्षांनी हलवायला लावलं. त्यानंतर आली दोमिंगा ही लोखंड-तांब्याची खाण आणि तिचं बंदर. 2023 च्या जानेवारीत मंत्र्यांच्या समितीनं ती नाकारली आणि प्रकरण कोर्टात गेलं. या वादात दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. तिथल्या गावांना रोजगार हवाच आहे. फक्त 'पेंग्विन की विकास' असा मथळा दिसला, की मला चिंचा बेटं आठवतात. तिथं विकास झाला होता. तो चाळीस वर्षं टिकला.

बर्फ लागत नाही, उकाडा थोडाफार सोसतो, माणसाला बुजत नाही, या गुणांमुळे हा पक्षी जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत पोचला. जपानमध्ये तर तो सर्वांत जास्त. 2012 साली टोकियोच्या समुद्री उद्यानातून 337 क्रमांकाचा एक तरुण पेंग्विन भिंत ओलांडून पळाला आणि टोकियोच्या खाडीत, जहाजांच्या गर्दीत, मासे मारत ऐंशीवर दिवस मजेत जगला. पकडला तेव्हा अंगानं भरलेला होता. पिढ्यान् पिढ्या बंदिवासात गेल्या तरी पोहणं आणि शिकार कोणी शिकवावी लागली नाही.

मुंबईतही तसंच झालं. 2016 मध्ये आलेल्या आठांपैकी एक पक्षी त्याच वर्षी ऑक्टोबरात दगावला. उरलेले काचेआड, सोळा-अठरा अंश तापमानात रुळले. 2018 च्या 15 ऑगस्टला पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. भारतात जन्मलेला हा पहिला पेंग्विन. आठवडाभरात तो गेला. 2021 पासून काही पिल्लं मात्र जगली. तिथं घरट्यासाठी केलेल्या खोपीत जोडी कशी वागते ते पाहावं. पक्षी आत शिरतो, पाठमोरा होतो आणि पायांनी मागे उकरल्यासारखं करतो. उकरायला तिथं काही नसतं. विष्ठा रोज पाणी मारून धुतली जाते, तशी ती धुवायलाच हवी.

पुंता सान हुआनच्या भिंतीआड अजूनही ग्वानो निघतो. सेंद्रिय शेतीमुळे त्याला पुन्हा मागणी आहे. खोदकाम दरवर्षी नसतं, मध्ये काही वर्षं सोडून असतं. अँडीजच्या गावांतून केचुआ बोलणारी माणसं येतात आणि कुदळ-फावड्यानं, हातानंच, थर सोडवून, चाळून पोत्यांत भरतात. या शतकात तिथं एक गोष्ट नवी झाली. खोदकाम सुरू होण्याआधी पक्षितज्ज्ञ टोकावर फिरून पेंग्विनची बिळं जिथं आहेत तो भाग आखतात, आणि त्या आखणीपलीकडे फावडं जात नाही. तेवढ्या पट्ट्यात थर साचत राहतो. पहाटे पेंग्विन बिळातून निघून एकामागे एक समुद्राकडे उतरतात, आणि अलीकडच्या बाजूला दिवसाची पहिली पोती शिवायला घेतलेली असतात.